पाण्याच्या टाकीखालची पहिली चार मिनिटे

प्रति,
मा. तपास अधिकारी,
शहर पोलीस ठाणे.

अर्जदार : स्थानिक दैनिकातील उपसंपादिका, वय ५४, राहणार छापखान्यामागील गल्ली.

विषय : पाण्याच्या टाकीजवळ झालेल्या खुनाच्या वेळी अर्जदार प्रत्यक्ष हजर असल्याने, ती कोणत्याही व्हिडिओत दिसत नसली तरी, तिचा जबाब नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : १) दि. ११ रोजी आपल्या ठाण्यात दाखल झालेला गुन्हा.
२) अर्जदाराने ठाण्यात समक्ष येऊन केलेल्या तीन तोंडी विनंत्या, दि. १४, १७ व २१. तिन्हींची कुठेही नोंद नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय कळविते की, ती गेली एकोणतीस वर्षे येथील दैनिकात शहरवार्ता पाहते. नगरपालिकेच्या सभा, नळ, गटारे, जन्ममृत्यूच्या नोंदी, हरवले-सापडले हा तिचा प्रांत. बातमीत लिहिणाऱ्याने स्वतःला आणू नये ही सवय अंगात मुरलेली असल्याने हा अर्जही ती ‘अर्जदार’ म्हणूनच लिहीत आहे. अर्ज लांबला आहे. तिने आयुष्यभर इतरांचा मजकूर कापला. हा मात्र कुणी कापू नये, एवढी विनंती ती आधीच करून ठेवते.

२. मयत हा पाणीपुरवठा विभागात रोजंदारीवर होता. छातीइतकी उंच लोखंडी चावी, तिला वर आडवा दांडा, ती खांद्यावर टाकून तो अकरा गल्ल्यांचे व्हॉल्व्ह उघडत आणि बंद करीत फिरे. म्हणून सगळे त्याला चावीवाला म्हणत. पाणी दहा मिनिटे उशिरा आले की त्याचा उद्धार होई. वेळेवर आले की त्याची कुणाला आठवणही होत नसे. दोन वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन बाहेरगावाहून इथे आला. बोलण्याचा हेल इथला नव्हता, एवढे सोडले तर त्याच्यात लक्षात राहण्यासारखे काही नव्हते.

३. ‘आत्ताच्या आत्ता’ हे फोनवरचे बातम्यांचे पान चालविणारा सव्वीस वर्षांचा तरुण हा अर्जदाराच्या धाकट्या बहिणीचा मुलगा आहे. हे नाते लपविण्यात अर्थ नाही. तो कॉलेज संपवून आठ महिने अर्जदाराच्या हाताखाली बातमी लिहायला शिकत होता. त्याने आणलेली बातमी अर्जदार तीनतीनदा परत पाठवी. ‘कुणी सांगितलं? दुसऱ्या कुणी सांगितलं का? ज्याच्याबद्दल लिहितोस त्याला विचारलंस का?’ हे तिचे ठरलेले तीन प्रश्न. एक दिवस तो वैतागून म्हणाला, “मावशी, तुमच्याकडे खरं ठरेपर्यंत लोकांचं जेवून झोपून होतं,” आणि निघून गेला. नंतर त्याने फोनवर हे पान काढले. आज ते पाहणारे आमच्या दैनिकाच्या खपाच्या दसपट आहेत.

या पानाने चांगलेही केले आहे, ते नोंदविणे न्यायाचे होईल. सरकारी दवाखान्याची लिफ्ट सात महिने बंद होती. आमच्या संपादकांनी ती बातमी दोनदा दाबून ठेवली, कारण लिफ्टचा ठेकेदार आमचा जाहिरातदार. भाच्याने एका म्हातारीला चौथ्या मजल्यावर पाठुंगळीला नेतानाचा व्हिडिओ टाकला आणि लिफ्ट दोन दिवसांत सुरू झाली. त्या दिवशी अर्जदाराला त्याचा अभिमान वाटला. त्याच्या पाठीवर थाप मारावी असे मनात आले होते, मारली नाही.

४. दि. ११ रोजी सकाळी नळाला आलेल्या पाण्याला उग्र वास होता. आदल्या दिवशी फुटलेली जलवाहिनी दुरुस्त केल्याने टाकीत ब्लिचिंग पावडर नेहमीच्या दुप्पट टाकली होती. त्याच सकाळी चौकातल्या औषधदुकानदाराच्या लहान मुलीला उलट्या झाल्या. उलट्या आदल्या दिवसापासूनच होत होत्या, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मागाहून कळले.

आठच्या सुमारास ‘आत्ताच्या आत्ता’वर वीस सेकंदांचा व्हिडिओ आला. तो कुणीतरी शेजारच्या गच्चीवरून घेतला होता. त्यात चावीवाला टाकीच्या शिडीवर उभा राहून गोणीतून पांढरी पूड आत ओतताना दिसतो. वर भाच्याने लिहिले होते, ‘आपल्या पोरांच्या पाण्यात हा माणूस काय ओततोय? सगळ्यांपर्यंत पोहोचवा.’ वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. त्यामुळे कुणी त्याला खोटे म्हणू शकत नाही. विधान केले की पुरावा द्यावा लागतो. विचारायला काही लागत नाही. तासाभरात ते प्रश्नचिन्ह गळून पडले. दुसऱ्या फोनवरून तिसऱ्या फोनवर जाताना मजकूर झाला, ‘विष कालवणारा सापडला.’

५. अर्जदार साडेनऊ वाजता टाकीवर गेली. चावीवाला पंपघराच्या पायरीवर बसून चहा पीत होता. त्याला यातले काहीही ठाऊक नव्हते, कारण त्याच्याकडे साधा, बटणांचा फोन होता. अर्जदाराने विचारल्यावर तो हसला.

“पावडर आहे ताई, दुसरं काय असणार? या ना, गोणी दाखवतो.”

त्याने रिकाम्या गोण्या दाखविल्या, आठवड्याची नोंदवही दाखविली. मग नळाखाली पेला धरून भरला आणि तिच्यासमोर घटाघटा प्यायला. “वास येतो खरा. दुपारपर्यंत जाईल,” म्हणाला. अर्जदाराने त्याला सांगितले, की त्याच्याबद्दल फोनवर काहीतरी फिरते आहे, आज जरा सांभाळून राहा. तो म्हणाला, “बारा गल्लीचं पाणी बाराला सोडायचंय, ते सोडून जातो घरी.” अकरा गल्ल्यांनाच तो बारा म्हणे, एक गल्ली त्याच्या स्वतःच्या मोजणीत होती, ती कुठली हे विचारायचे राहून गेले.

तिथूनच अर्जदाराने पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना फोन लावला. त्यांनी दुप्पट मात्रेची गोष्ट मान्य केली आणि पाणी पिण्यास सुरक्षित असल्याचे सांगितले. तिचे तिन्ही प्रश्न दहा वाजेपर्यंत सुटले होते.

६. या परिच्छेदात अर्जदाराविरुद्धची माहिती आहे. कृपया ती गाळू नये.

कार्यालयात येऊन तिने अकरा ओळींची बातमी लिहिली. संपादक म्हणाले, “झकास. उद्या पहिल्या पानावर.” तिने आपल्या संकेतस्थळावर आत्ताच टाकू म्हटले. संकेतस्थळ चालविणारा ऑपरेटर दुपारी दोनला येतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो. संपादक म्हणाले, “इतकी काय घाई? पेपरात येऊ दे, त्याला वजन असतं.”

दहा चाळीसला भाच्याचा फोन आला.

“मावशी, तू टाकीवर जाऊन आलीस म्हणे. काय आहे नेमकं?”

त्याने विचारले होते. जो तिच्याकडून विचारायला शिकला, त्याने त्या दिवशी पहिल्यांदा योग्य ठिकाणी विचारले होते. अर्जदाराच्या समोर अकरा ओळींचा कागद होता. वाचून दाखवायला अर्धे मिनिट लागले असते. पण मागच्याच आठवड्यात त्याने आपल्या पानावर आमच्या दैनिकाची टिंगल केली होती, की कपाटात अंथरायला बरे पडते. तो सल तिच्या मनात होता. ती म्हणाली, “उद्याचा पेपर वाच.”

“म्हणजे काहीतरी आहे,” असे म्हणून त्याने फोन ठेवला. दहाच मिनिटांत पानावर आले, ‘दैनिकाकडेही माहिती, पण उद्यापर्यंत दडवणार. आपण आत्ताच्या आत्ता टाकीवर जातोय. या.’

७. कार्यालय हार्डवेअरच्या दुकानावर आहे आणि टाकी तिथून तीन गल्ल्या पलीकडे. खिडकीतून माणसे एकाच दिशेने जाताना दिसू लागली तेव्हा अर्जदार कागद घेऊन धावत सुटली. ती पोहोचली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. टाकीखालच्या मोकळ्या जागेत दोनअडीचशे माणसे असावीत. दुकानाचे शटर अर्धे ओढून आलेली होती, कडेवर मूल घेऊन आलेली होती, हातात बाजाराची पिशवी असलेली होती. गुंड म्हणावा असा चेहरा अर्जदाराला दिसला नाही. निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखत होती. कित्येकांच्या घरच्या बारशाची आणि मयताची बातमी तिने स्वतः लावली होती.

चावीवाला दिसत नव्हता. आरडाओरडा ऐकून तो जीव मुठीत धरून व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरला होता आणि वर लोखंडी झाकण ओढून घेतले होते. लोकांनी पंपघराचे दार फोडले, गोण्या फाडल्या, नोंदवही फाडली. माणूस सापडेना तेव्हा जोर ओसरू लागला. मागची काही माणसे परत निघालीही होती. हे कृपया अधोरेखित करावे. त्या क्षणी ते सगळे घरी जाऊ शकले असते.

भाचा पंपघराच्या पायरीवर उभा राहून फोन उंच धरून थेट प्रक्षेपण करीत होता. उंचावर असल्याने त्याला चेंबरचे झाकण हलताना दिसले. तो ओरडला, “चेंबरमध्ये! झाकण हललं बघा, चेंबरमध्ये आहे!” हे त्याने फोनमधल्या लोकांना सांगितले की समोरच्या, हे अर्जदार सांगू शकत नाही. त्याला स्वतःलाही सांगता येईल असे वाटत नाही.

झाकण उचलून चावीवाल्याला केसांना धरून वर काढण्यात आले. तो कमरेपर्यंत ओला होता. कुणीतरी विचारले, “बोल, काय टाकलंस पाण्यात?” तो बोलला. पावडर, साहेबांनी सांगितलेली पावडर, असेच काहीतरी म्हणाला. पण त्याचा हेल ऐकताच एक बाई किंचाळली, “ऐकलंत? आपल्यातला नाहीच हा!” आणि पहिला दगड आला. तो त्याच्या तोंडावर बसला. तो थुंकला तेव्हा दात पडले.

औषधदुकानदार पुढे आला. चावी तिथेच पडली होती, ती त्याने उचलली. अर्जदार तोवर कोपराने वाट काढत त्याच्यापासून चार हातांवर पोहोचली होती. ती ओरडली, “ब्लिचिंग पावडर आहे ती! मी पाहून आलेय! तुम्ही औषधं विकता, तुम्हाला वास कळत नाही?”

औषधदुकानदाराने तिच्याकडे पाहिले. त्याला वास कळला होता. हे अर्जदार शपथेवर सांगेल. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, हात खाली आला. पण त्याच्या हातात चावी होती, भोवती अडीचशे माणसे होती आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. मागून कुणीतरी म्हणाले, “पोरगी तुमची आहे ना?” त्याने नजर वळविली आणि चावी उगारली.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. चावीवाला बसकण मारून खाली आला. दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यात. तो आवाज ओल्या पोत्यावर ओंडका पडावा तसा होता. त्यानंतर ज्याचा पाय पोहोचला त्याने लाथ मारली. पिशव्या होत्या त्यांनी पिशव्या मारल्या. एका वृद्ध गृहस्थाने, ज्यांचा निवृत्तीचा फोटो अर्जदाराने छापला होता, चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली आणि ती काळजीपूर्वक पुन्हा पायात घातली.

अर्जदाराने अकरा ओळींचा कागद वर धरला. तो कुणीतरी हिसकावला. तिने चावीचा दांडा धरायला हात घातला तेव्हा मागून तिच्या खांद्यावर हेल्मेटचा फटका बसला. गळ्याखालचे हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. ती गुडघ्यांवर पडली आणि पायांच्या मधून तिला चावीवाल्याचा एक डोळा दिसला. तो उघडा होता आणि तिला ओळखत होता.

आणि वरून भाच्याचा आवाज आला. “बाजूला व्हा रे! दिसत नाहीये!”

माणसे खरोखर बाजूला सरली. अर्जदाराचे ओरडणे ज्यांना ऐकू गेले नव्हते, त्यांना हे ऐकू गेले. त्यांनी गोल केला. गोलाच्या मधोमध चावीवाला आणि औषधदुकानदार राहिले. दोघेही स्वच्छ दिसत होते. औषधदुकानदाराने एकदा फोनकडे पाहिले आणि चौथा घाव घातला.

८. कोपऱ्यावर इस्त्रीचे टेबल लावणारा गृहस्थ या वेळी गोलात शिरला. तो अंगाने काटकुळा आहे. तो चावीवाल्याच्या अंगावर आडवा पडला. पाठीत लाथा खाल्ल्या, मग काखेत हात घालून त्याला ओढू लागला. “अरे मेलाय तो, मेलाय, आता तरी सोडा!” असे तो ओरडत होता. खरे तर तेव्हा तो मेला नव्हता. दवाखान्याच्या वाटेवर मेला.

महोदय, आपण अटक केलेला इसम हाच आहे. आपल्याकडील व्हिडिओत तो वाकलेला दिसतो आणि त्याचे दोन्ही हात मयताच्या गळ्याशी दिसतात. गोंगाटामुळे शब्द कळत नाहीत. ते हात मारत नव्हते. तिथे असलेल्या अडीचशे माणसांतले ते दोनच हात त्याला उचलत होते.

९. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकात पहिल्या पानावर दोन बातम्या आल्या. वर, ‘जमावाच्या मारहाणीत एकाचा मृत्यू.’ खाली अकरा ओळी, ‘पाणी पिण्यास सुरक्षित.’ दोन्हींत एकही चूक नव्हती.

‘आत्ताच्या आत्ता’वर घटनेच्याच संध्याकाळी काळे चित्र आले होते, ‘चावीवाल्याला न्याय द्या.’ पानावर इस्त्रीवाल्याच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. दिवे लागायच्या आत आपल्या माणसांनी त्याला टेबलावरून उचलले. इस्त्री तापलेलीच राहिली आणि खालचे कपडे जळाले. औषधदुकानदाराची त्याच पानावर मुलाखत झाली. त्यात तो एक हादरलेला बाप म्हणून बोलला आणि रडला. ते रडणे खोटे होते असे अर्जदार म्हणणार नाही. भाच्याचे नाव आपल्या कागदांत फिर्यादी म्हणून आहे आणि त्याचा व्हिडिओ हा मुख्य पुरावा आहे. आमच्या ऑपरेटरने ते प्रक्षेपण संपल्यावर लगेच पाहिले होते, तेव्हा ते एकोणीस मिनिटांचे होते. आता ते पंधरा मिनिटांचे आहे. पहिली चार मिनिटे नाहीत. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा गोल झालेला आहे, चावी खाली पडलेली आहे आणि इस्त्रीवाला वाकतो आहे.

१०. दि. १४ रोजी अर्जदार गळ्यात हात बांधून ठाण्यात आली. ठाणे अंमलदारांनी विचारले, “व्हिडिओ आहे का?” ती म्हणाली, “नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय.” ते म्हणाले, “डोळ्यांनी तर सगळ्या गावाने पाहिलंय, बाई. पुरावा काय?” त्या सगळ्या गावातून जबाब द्यायला तोवर एकही माणूस आलेला नव्हता. व्हिडिओ मात्र त्रेचाळीस आले होते.

दि. १७ रोजी तिला ते त्रेचाळीसही व्हिडिओ दाखविण्यात आले. तीन तास ती बाकावर बसून ते मरण वेगवेगळ्या बाजूंनी पाहत होती. ती कुठेच नव्हती. सगळे फोन मधोमध रोखलेले होते, तरी पुढच्यांच्या पाठींमुळे चावी कुणाच्या हातात आहे ते एकातही ओळखू येत नव्हते. एकतिसाव्या व्हिडिओत डाव्या कडेला एक कोपर दिसले. ती म्हणाली, हे माझे. अंमलदारांनी तिला भिंतीशी उभे करून हात तसाच वर करायला सांगितला. मोडलेल्या हाडामुळे तो उचलेना, म्हणून तिने दुसऱ्या हाताने तो उचलून धरला. त्यांनी पडद्याकडे पाहिले, तिच्या कोपराकडे पाहिले, मग दुसऱ्या शिपायाला बोलावून त्याचेही मत घेतले. शेवटी म्हणाले, “कोपरावरून ओळख पटत नाही. कोपर कुणाचंही असू शकतं.”

दि. २१ रोजी त्यांनी मनापासून सल्ला दिला. त्यांच्या आवाजात आपुलकी होती. “तुमच्या भाच्याचंच पेज आहे ना? तुम्ही हे सगळं त्यावर का नाही टाकत? एकदा फिरलं की वरून फोन येतो, मग आम्हाला दखल घ्यावीच लागते.”

११. दि. २२ रोजी दुपारी भाचा अर्जदाराच्या घरी आला. त्याने दाढी केलेली नव्हती आणि त्याचे ओठ फुटले होते.

“तू ठाण्यात जातेस म्हणे.”

“जाते.”

“मी कुणाला हात लावला नाही, मावशी.”

“नाही लावलास.”

“मग?”

“तू जागा करून दिलीस.”

तो म्हणाला, त्याला वाटले होते की आपण फोन धरून उभे आहोत म्हटल्यावर लोक घाबरतील, कुणी हात उचलणार नाही. तो हे खरेच बोलत होता, असे अर्जदाराला वाटते. मग त्याने विचारले, “मी तुला फोन केला होता. तू का नाही सांगितलंस?”

अर्जदार म्हणाली, “ते माझं आहे. मी ते लिहून देणार आहे. तू तुझी चार मिनिटं दे.”

“ती नाहीत. पुसली.”

“मग तोंडाने सांग. काय ओरडलास ते सांग. इस्त्रीवाल्याला फासावर चढवणार आहेस का?”

तेव्हा त्याचा तोल गेला. त्याने टेबलावरचा अर्जाचा मसुदा ओढला आणि त्याचे तुकडे केले. अर्जदार ते काढून घ्यायला गेली तशी त्याने तिला दोन्ही हातांनी ढकलले. जोडत आलेले हाड पुन्हा हलले आणि ती कपाटावर आदळून खाली पडली. काचेचे दार तिच्या अंगावर फुटले. कपाळातून रक्त आले. ती पडली आहे हे दिसूनही तो थांबला नाही. त्याने कपाटातली पुस्तके, जुन्या अंकांचे गठ्ठे, दौत, जे हाताला येईल ते भिंतीवर फेकले. “तुला कळतं! तुलाच तेवढं कळतं! सगळं तुलाच कळतं!” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. लहानपणी शुद्धलेखनाची वही परत मिळाली की तो असाच चिडे, पण तेव्हा तो मागून रडत येऊन मांडीत बसे.

अर्जदाराची धाकटी बहीण, म्हणजे त्याची आई, त्याच्या मागोमाग आली होती. ती दारात उभी होती. तिला पाहून तो थांबला आणि तिला ओलांडून निघून गेला. बहिणीने अर्जदाराला उठवून बसविले, कपाळावर पदर दाबून धरला, काचा गोळा केल्या. मग बहिणीने फाटलेले तुकडे गोळा केले आणि ते घेऊन ती घरी गेली.

भाच्याने केलेल्या या मारहाणीबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. घटनेचा क्रम पूर्ण व्हावा म्हणून ती इथे लिहिली आहे.

१२. सबब विनंती अशी की :

(अ) अर्जदाराचा जबाब आपण स्वतः नोंदवून घ्यावा. ती उलटतपासणीस तयार आहे.

(आ) इस्त्रीवाल्याला सोडावे. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर बसते, हे आपण येताजाता पाहतच असाल.

(इ) पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा घाव कुणी घातला, हे परिच्छेद ७ मध्ये आहे. चेंबर कुणी दाखविला आणि जागा कुणी करविली, हेही त्यातच आहे. तो आपला भाचा आहे म्हणून अर्जदाराने एकही शब्द सौम्य केलेला नाही, आणि त्याच्यावर राग आहे म्हणून एकही वाढविलेला नाही.

(ई) दहा चाळीसच्या फोनवर अर्जदाराने जे उत्तर दिले, ते याच गुन्ह्याच्या कागदांत लागावे. कोणत्या कलमाखाली ते तिला ठाऊक नाही. कलम नसेल तर नुसतेच लागावे.

अर्जदाराने दैनिकाच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे, त्यामुळे या अर्जामागे कोणत्याही वृत्तपत्राचा हेतू नाही. चावीवाल्याची बायको परवा त्याच्या निधनाची चार ओळींची बातमी घेऊन कार्यालयात आली होती. संपादकांनी तीत ‘अपघाती’ हा शब्द घातला. अर्जदाराने तो खोडला. दोघांचे तिथेच फाटले.

आपल्या वहीत जागा मागणारी,
नम्र अर्जदार
(सही)
दि. २४

सोबत : १) वैद्यकीय दाखला, हाडाचा. २) वैद्यकीय दाखला, कपाळाचा. ३) अकरा ओळींच्या बातमीची कच्ची प्रत. ४) चिकटपट्टीने जोडलेला पहिला मसुदा.

(अर्जाच्या पाठीमागे, वेगळ्या हस्ताक्षरात)

साहेब, फाटलेला कागद मी घरी नेऊन जोडला आणि वाचला. ताईने आज पुन्हा लिहिलेलाही वाचला. मला तिच्यासारखं लिहिता येत नाही. त्या दिवशी मुलगा फोनवर थेट दाखवत होता, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून बघत होते. तो काही दाखवत असला की मी बघतेच. पहिल्यापासून बघितलं. झाकण हललं म्हणणारा आवाज त्याचा आहे. बाजूला व्हा म्हणणारा आवाजही त्याचा आहे. त्यात ताई पडताना दिसली होती, निळ्या साडीत. मी त्याला लगेच फोन लावला, पण तो लागला नाही, कारण त्याच फोनवर तो दाखवत होता.

घरी आल्यावर त्याने मला विचारलं, आई, तू बघितलंस का? मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.

मी बघितलं आहे. बोलवाल तेव्हा येईन.

(सही)
फिर्यादीची आई